सॉक सेव्हन आणि ७३व्या कॉलममधला पूर्णविराम

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी होतं, पण 'माझा आवडता पक्षी' या निबंधापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. त्यामुळे या विभागाच्या संपादिकेने (ती माझीच रूममेट, म्हणजे पळून जाणार कुठे?) "तुझ्या इंटर्नशिपवर मराठीत लिही" असं फर्मान काढलं, तेव्हा मी आधी आजीला फोन लावला. म्हटलं, "आजी, बगला मराठीत काय म्हणायचं?" आजी म्हणाली, "ढेकूण."

आता हॉस्टेलवाल्यांना ढेकूण म्हणजे काय ते मी सांगायला नको. दिवसा दिसत नाहीत, गादी उलटीपालटी केली तरी सापडत नाहीत, आणि जुन्या खाटेच्या फटीत पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतात. आजीला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण शब्द तिने अचूक दिला. कारण मी ज्या बग्जबद्दल लिहिणार आहे ते असेच आहेत, आणि त्यातले काही तर माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात मला हिंजवडीच्या एका कंपनीत सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. मनात मशीन लर्निंगचे मांडे खात मी गेले, आणि मला बसवलं मेनफ्रेम सपोर्टच्या टीममध्ये. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं काम. समोर काळा स्क्रीन, त्यावर हिरवी अक्षरं. टेबलावर माऊस होता, पण त्याला काम जवळजवळ नाहीच. रूममेटला फोटो पाठवला तर तिचा मेसेज आला, "हे म्युझियममध्ये आहे का?"

मलाही तसंच वाटलं होतं. पण मेनफ्रेम म्हणजे गोडाऊनमध्ये पडलेलं भंगार नव्हे. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ला सिस्टम/३६० ही मशीनची मालिका जाहीर केली. त्यांनी तेव्हा एक शब्द दिला, की तुम्ही लहान मशीनवर लिहिलेला प्रोग्रॅम पुढे मोठ्या मशीनवर तसाच चालेल, पुन्हा लिहावा लागणार नाही. तो शब्द त्यांनी इतका पाळला, की २०२५ मध्ये आलेलं झेड-१७ हे मशीन आतून सगळं नवं आहे, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमला ते अजून ओळखतं. बँका, विमा, विमानांची बुकिंग्ज, सरकारी पेन्शन, अशा ठिकाणी ही मशीन्स रोज रात्री लाखो हिशेब निमूटपणे उरकतात. चांगली बाजू ही. वाईट बाजूही हीच! प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो, म्हणजे त्यातला ढेकूणही जसाच्या तसा चालतो.

हे प्रोग्रॅम बहुतेक कोबोलमध्ये असतात. कोबोलची आखणी १९५९ मध्ये एका कमिटीने केली, आणि तिच्यावर ग्रेस हॉपर या बाईंच्या फ्लो-मॅटिक भाषेची दाट छाप आहे. हॉपरबाईंचं नाव आपल्याला दुसऱ्याच कारणाने माहीत असतं. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क-२ मशीनच्या रिलेमध्ये एक पतंग अडकून मेलेला सापडला, तो लॉगबुकमध्ये चिकटवून 'बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच केस' अशा अर्थाची नोंद केली गेली. आपल्या फर्स्ट इयरच्या नोट्समध्ये लिहिलंय की बग हा शब्द तिथून आला. ते चूक आहे बरं का. एडिसनने १८७८च्या एका पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरलेला आहे. हार्वर्डच्या मंडळींना शब्द आधीच माहीत होता, म्हणून तर ती नोंद गमतीची होती.

कोबोलचं वैशिष्ट्य म्हणजे ती वाचताना इंग्रजी वाचल्यासारखी वाटते. 'ॲड प्रीमियम टू टोटल' असं चक्क वाक्य, आणि शेवटी पूर्णविराम. आमच्या शाळेत इंग्रजीच्या सिस्टर एक फुलस्टॉप विसरला की अर्धा मार्क कापायच्या. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात खूप काही बोलले आहे. या सहा आठवड्यांत ते सगळं परत घेतलं. का, ते पुढे येईलच.

माझ्या गाइड म्हणजे टीममधल्या सगळ्यांत सीनियर बाई. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण माझ्या आईच्या वयाच्या बाईंना नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना, म्हणून त्या माझ्यापुरत्या 'मॅडम' झाल्या. त्या १९९७ साली वायटूकेच्या कामावर नोकरीला लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बघ, बग दोन प्रकारचे. एक आरडाओरडा करणारा आणि एक गप्प बसणारा. आरडाओरडा करणारा आपला मित्र."

त्या मित्राचं नाव सॉक सेव्हन. लिहायचं एस, शून्य, सी, सात. पण सगळे म्हणतात सॉक सेव्हन. प्रोग्रॅम मधेच मरतो त्याला मेनफ्रेमवर 'अबेंड' म्हणतात, आणि अबेंडमधला सगळ्यांत प्रसिद्ध हा. अर्थ एवढाच, की मशीनला आकड्यांचा हिशेब करायला सांगितला आणि समोर जे आलं तो आकडाच नव्हता.

आकडा नव्हता म्हणजे काय? इथे जरा खोलात जाते, कारण हे कळलं तेव्हा मला खरंच भारी वाटलं. मेनफ्रेमवर पैशाचे हिशेब सहसा बायनरीत करत नाहीत, 'पॅक्ड डेसिमल'मध्ये करतात. एका बाइटमध्ये दोन अंक बसवायचे आणि अगदी शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह ठेवायचं. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे बिनचिन्हाचा. समजा सात अंकी रकमेसाठी चार बाइट राखलेत आणि रक्कम आहे १२५०, तर आत दिसेल ०० ०१ २५ ०सी. अगदी वहीत लिहिल्यासारखं, डोळ्यांनी वाचता येतं. दशांशाच्या हिशेबात बायनरीमुळे पैशा-दोन पैशांची घसरण होते तीही होत नाही.

आता मेनफ्रेमवर अक्षरांचा कोड आपला आस्की नाही, एबसिडिक आहे. त्यात रिकाम्या जागेचा कोड हेक्समध्ये ४०. म्हणजे रकमेच्या त्या चार बाइटमध्ये कुणी रक्कम भरलीच नाही आणि नुसत्या रिकाम्या जागा राहिल्या, तर आत असतं ४० ४० ४० ४०. मशीन शेवटचा अर्धा बाइट बघतं. तिथे सी, डी, एफ काहीतरी हवं, तर आहे शून्य. हे चिन्ह नाही! झालं, तिथेच सगळं ठप्प.

मॅडमनी मला सरावासाठी एक जुनी केस दिली. नावं-नंबर बदललेली, पण घडलेली खरी. रात्रीच्या प्रीमियमच्या जॉबमध्ये एका स्टेपला सॉक सेव्हन. (तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ-दुपार. हे काम पुण्यात यायचं एक कारण तेही आहे.) मी आपली प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. अकरा हजार ओळी. तास झाला, मी डेटा डिव्हिजनमध्येच. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, कादंबरी वाचतेयस का? मेला कुठे ते मढ्यालाच विचार."

मढं म्हणजे डंप. प्रोग्रॅम मरतो तेव्हा मशीन त्या क्षणाची सगळी मेमरी आणि रजिस्टर्स लिहून ठेवतं. त्यात प्रोग्रॅम स्टेटस वर्ड नावाची एक गोष्ट असते, तिच्यात पत्ता असतो. कशाचा? तर जी सूचना पुढे चालणार होती तिचा. हे नीट लक्षात ठेवा, मी इथेच फसले. मेली ती सूचना त्याच्या आधीची. समजा प्रोग्रॅम मेमरीत १ए४०० या पत्त्यावर सुरू होतो आणि स्टेटस वर्ड म्हणतो १एईबी४. हेक्समध्ये वजाबाकी केली की आलं एबी४. पॅक्ड आकड्यांच्या बेरजेची सूचना सहा बाइट लांब असते, म्हणून आणखी सहा मागे जायचं, एएई. आता कंपाइल करताना निघालेली लिस्टिंग उघडायची. तिच्यात कोबोलच्या प्रत्येक वाक्याचं मशीनच्या भाषेत कुठे काय झालं त्याचे आकडे असतात. तिथे एएई शोधलं की बोट थेट एका वाक्यावर. आजकाल डंपच्या पहिल्या पानावर मशीन बऱ्याचदा हे ऑफसेट स्वतःच छापून देतं. पण मॅडमनी माझ्याकडून तीन वेळा कागदावर करून घेतलं. कॅल्क्युलेटर नाही!

एक धोका सांगून ठेवते. लिस्टिंग त्याच कंपाइलची हवी. जुन्या सिस्टममध्ये कधी कधी चालणारा प्रोग्रॅम एका तारखेचा असतो आणि लायब्ररीतला सोर्स दुसऱ्या तारखेचा. मग तुमचा एएई भलत्याच वाक्यावर पडतो आणि तुम्ही दिवसभर निरपराध वाक्याची चौकशी करत बसता. म्हणून आधी दोन्हीकडची कंपाइलची तारीख आणि वेळ जुळवायची. काही ठिकाणी तर सोर्स हरवलेलाच असतो. त्यावर इथे लिहित नाही, रडू येईल.

वाक्य सापडलं. रायडर म्हणजे पॉलिसीवरचं जादा कव्हर, त्याचा प्रीमियम एकूण रकमेत मिळवणारं साधं वाक्य. त्यात काहीच चूक नाही. चूक रेकॉर्डमध्ये. डंपमधल्या काउंटरवरून कळलं की प्रोग्रॅम कितव्या रेकॉर्डवर मेला. फाइल उघडली, 'हेक्स ऑन' अशी कमांड दिली. मग प्रत्येक अक्षराखाली त्याचे दोन हेक्स अंक उभे दिसतात, वर ४ आणि खाली ०. चार वेळा चार, चार वेळा शून्य. तो रिकामा चौकोन बघून मला जो आनंद झाला तो कॅम्पसमध्ये नाव लागल्यावरही होईल की नाही शंका आहे.

मी लगेच फिक्स लिहून मॅडमना दाखवला. रक्कम आकडा नसेल तर तिथे शून्य टाक आणि पुढे जा. दोन ओळी. टेस्टमध्ये चालवला, जॉब सुरळीत संपला, रिटर्न कोड शून्य. माझी कॉलर ताठ.

मॅडम डबा खात होत्या. त्यांनी पोळीचा तुकडा हातातच ठेवला आणि विचारलं, "त्या माणसाच्या रायडरचे पैसे किती होते?"

मी म्हटलं, "शून्य टाकलं ना."

"तू टाकलंस. होते किती?"

मला माहीत नव्हतं. मुळात ती जागा रिकामी का, हे मी विचारलंच नव्हतं. आधी सॉक सेव्हन तरी आरडत होता, माझ्या दोन ओळींनी त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता. मॅडमनी पुढचं सांगितलं. त्या माणसाला शून्याचं बिल जाईल. तो कशाला तक्रार करेल? काही महिन्यांनी सिस्टमच्या हिशेबाने रायडरचा हप्ता आलेला नाही, म्हणून रायडर बंद पडेल. आणि एके दिवशी त्याला ॲक्सिडेंट झाला, की त्याच्या बायकोला पत्र जाईल, कव्हर नाही. "आणि त्या वेळी," मॅडम म्हणाल्या, "जॉबचा रिटर्न कोड शून्यच असेल."

मला पोळी गिळेना. (माझा डबा नव्हता, त्यांच्यातलीच खात होते.)

मग परत बसले आणि उलट दिशेने गेले. ही फाइल कुठला प्रोग्रॅम लिहितो? त्याच्या आधीचा. तो प्रत्येक रेकॉर्ड सुरू करताना आधी पूर्ण रेकॉर्डमध्ये रिकाम्या जागा भरतो आणि मग पॉलिसीचा प्रकार बघून एकेक रक्कम भरतो. प्रकार अ असेल तर हे, ब असेल तर ते, क असेल तर आणखी काही. कंपनीने मध्यंतरी एक नवा प्रकार बाजारात आणला होता. स्क्रीनवर तो आला, डेटाबेसमध्ये आला, पण या प्रोग्रॅममध्ये त्याच्यासाठी फांदीच नव्हती. त्या महिन्यात नव्या प्रकारची पहिली पॉलिसी रायडरसकट विकली गेली, आणि रात्री जॉब मेला. म्हणजे मेलेला प्रोग्रॅम निर्दोष, मारणारा दुसराच. खऱ्या घटनेत ड्यूटीवरच्या माणसाने काय केलं होतं ते तिकिटात नोंदलेलं आहे. त्याने तो एक रेकॉर्ड बाजूला काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवला, जॉब मेलेल्या स्टेपपासून पुन्हा सुरू केला म्हणजे सकाळची बिलं निघतील, आणि विम्याच्या लोकांना विचारणा पाठवली की या प्रकाराचा दर काय. दर आल्यावर आधीच्या प्रोग्रॅममध्ये फांदी घातली, आणि शेवटी एक 'यांपैकी कुठलाच नाही' अशीही घातली, जी गप्प न बसता निरोप छापते. ती शेवटची फांदी मला सगळ्यांत आवडली.

आता गप्प बसणाऱ्यांकडे येते.

वायटूके माहीत असतंच सगळ्यांना. जागा वाचवायला वर्षाचे दोनच अंक ठेवले, मग २००० साल म्हणजे ०० आणि ते ९९पेक्षा लहान. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी या कामावर अमेरिकेला गेलं. पण मला नवीन कळलं ते हे, की सगळीकडे चार अंक केलेच नाहीत. फाइलची लांबी बदलली असती तर ती वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागला असता. म्हणून बऱ्याच ठिकाणी 'खिडकी' लावली. उदाहरणार्थ ०० ते ४९ आले तर समजायचं विसावं शतक संपून पुढचं, ५० ते ९९ आले तर १९००चं. म्हणजे दुरुस्ती झाली नाही, तारीख पुढची घेतली! दुसरी गंमत लीप वर्षाची. १००ने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण ४००ने भाग गेला तर असतं. त्यामुळे २००० साल लीप होतं. ज्याला फक्त चारचा नियम माहीत होता त्याचा प्रोग्रॅम बरोबर आला, ज्याला शंभरचा माहीत होता पण चारशेचा नाही त्याचा चुकला. अर्धवट हुशारांची फजिती, आमच्या बॅचमध्ये याची उदाहरणं आहेत.

मॅडमना त्याच वायटूकेच्या कामात, १९९८ साली, एक ढेकूण भेटला. तारखा शोधता शोधता त्यांना एक जागा अशी दिसली की हिशेब जमेना. लेखात म्हटलं होतं तो फुलस्टॉप आता येतो.

कोबोलचा सोर्स जुन्या पद्धतीत ८० कॉलमचा असतो, कारण पंचकार्ड ८० कॉलमचं. पहिले सहा कॉलम अनुक्रमांकाचे, सातवा कॉमेंट वगैरे खुणेचा, ८ ते ७२ खरा प्रोग्रॅम. ७३ ते ८० कार्डाच्या ओळखीसाठी राखलेले, म्हणजे कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा. कंपाइलर ७२च्या पुढे बघतच नाही. कार्ड गेली, सवय राहिली.

शिवाय १९८५च्या कोबोलने 'एंड-इफ' आणलं, त्याआधी 'इफ'ची हद्द फक्त पूर्णविरामाने संपायची. आता जोडा दोन्ही. कुणीतरी १९८७ मध्ये एक ओळ जरा लांब लिहिली. इफ पॉलिसी बंद पडून पुन्हा सुरू झालेली असेल, तर पुनरुज्जीवनाची फी मिळव, पूर्णविराम. तो पूर्णविराम पडला ७३व्या कॉलममध्ये. पुढच्या ओळीत होती सगळ्यांना लागणारी एक बारीकशी फी, काही सेंटची. माणसाला स्क्रीनवर पूर्णविराम दिसतो. छापलेल्या कागदावरही दिसतो. कंपाइलरला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने पुढची ओळ अजून 'इफ'च्या आतच आहे. व्याकरणात चूक नाही, म्हणून एरर नाही, वॉर्निंग नाही. अकरा वर्षं ती बारीक फी फक्त त्या लोकांना लागत होती ज्यांची पॉलिसी हप्ता न भरल्यामुळे बंद पडली होती. म्हणजे ज्यांना आधीच पैशाची ओढाताण, तेवढेच लोक ती भरत होते. बाकी सगळे सुटले.

सिस्टर, अर्धा मार्क कमी होता.

मॅडमनी टिंब एक घर मागे आणलं, टेस्ट केलं, बरोबर. आणि वर्षअखेरच्या चाचणीत भलताच हिशेब तुटला! शोधल्यावर कळलं, की कधीतरी दुसऱ्या कुणालातरी वर्षाच्या शेवटी रकमा जुळत नाहीत हे लक्षात आलं होतं. त्याला कारण सापडलं नाही, म्हणून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून तो फरक एका सस्पेन्स खात्यातून गुपचूप भरून काढायची सोय केली होती. त्यावर कॉमेंट होती, 'हा पॅराग्राफ काढू नये, काढल्यास टोटल जुळत नाही.' आता मूळ चूक गेली, पण भरपाई चालूच, म्हणून तेवढीच रक्कम उलट दिशेने चुकायला लागली. चुकीला चूक येऊन टेकली होती, एक काढली की दुसरी कोसळणार. दोन्ही एकाच रात्री बदलावे लागले. जुनी फी कंपनीने कुणाकडे मागितली नाही. ज्यांनी भरली होती त्यांनाही काही परत मिळालं नाही, कारण कागदावर ती रास्तच होती. हे सांगताना मॅडम जरा थांबल्या होत्या.

याच जातीचा आणखी एक, थोडक्यात. पाच अंकी काउंटरमध्ये ९९९९९ नंतर एक मिळवला की कोबोलमध्ये, आधी सांगून ठेवलं नसेल तर, डावीकडचा १ गळून पडतो आणि काउंटर शून्य. आवाज नाही. १९७५ साली लाख पॉलिसी होतील असं कुणाला वाटलं असेल?

सपोर्टच्या लोकांची सगळ्यांत मोठी भीती मात्र बगची नसते, फिक्सची असते. याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे २०१२ साली ब्रिटनमध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या ग्रुपमध्ये जे झालं ते. १७ जूनला, रविवारी, रात्रीचे जॉब चालवणारं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं. काहीतरी बिघडतंय असं दिसलं म्हणून ते काढून पुन्हा जुनं बसवायचं ठरलं. मागे जाण्याचा परिणाम काय होईल याची टेस्ट आधी केली नव्हती, आणि नवं-जुनं एकमेकांशी जुळतच नव्हतं. एका रात्रीचे जॉब अडले की दुसऱ्या रात्रीचे त्याच्यावर साचतात. ६५ लाख ग्राहकांना फटका बसला; पगार दिसेनात, हप्ते जाईनात. अल्स्टर बँकेच्या लोकांनी तर १० जुलैपर्यंत सोसलं. २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला. मॅडमच्या टीममध्ये म्हणूनच प्रत्येक बदलाच्या फॉर्मवर 'मागे कसं जाणार' हा रकाना आहे, आणि 'मागे जाऊन पाहिलं का' हा दुसरा. माझ्या दोन ओळींच्या सरावाच्या फिक्सलाही तो फॉर्म भरायला लावला.

"पण ही सिस्टम टाकून नवी का लिहित नाहीत?" हा प्रश्न मीही विचारला होता, तुम्हीही विचाराल. लिहितात, पण सिस्टम म्हणजे नुसता हिशेब नसतो. चाळीस वर्षांत कुणी तरी कधी तरी घातलेले शेकडो अपवाद त्यात असतात, आणि त्यातल्या निम्म्यांचं कारण सांगणारा माणूस रिटायर झालेला असतो. एप्रिल २०२०मध्ये, आपण घरी बसून ऑनलाइन तास करत होतो तेव्हा, अमेरिकेत बेकारभत्त्याचे अर्ज एकदम वाढले आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरना जाहीरपणे सांगावं लागलं की कोबोल येणारे लोक हवे आहेत. पत्रकार परिषदेत! आमच्या सिलॅबसमध्ये कोबोलचं नाव एका ओळीत आहे, 'भाषांचा इतिहास' या मथळ्याखाली.

ज्यांना हात लावून बघायचंय त्यांच्यासाठी. आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा उपक्रम विद्यार्थ्यांना खऱ्या मेनफ्रेमवर फुकट लॉगिन देतो. ग्नूकोबोल हा फुकट कंपाइलर आपल्या लॅबच्या लिनक्सवर चालतो. फक्त त्यावर सॉक सेव्हनची मजा मिळणार नाही, कारण तिथे रकमेत कचरा असला तरी प्रोग्रॅम सहसा न कुरकुरता पुढे जातो. डीबगचा पर्याय देऊन कंपाइल केलात तरच अडवतो. तेवढ्यासाठी तरी मेनफ्रेम बरा.

७३व्या कॉलमचा खेळ मात्र ग्नूकोबोलवर जुन्या फिक्स्ड पद्धतीत हुबेहूब जमतो. मी हॉस्टेलवर परत आल्यावर मेसबिलाचा प्रोग्रॅम लिहिला. बिल उशिरा भरलं असेल तर दंड मिळव, पूर्णविराम. पाहुण्याच्या ताटाचे पैसे मिळव, पूर्णविराम. पहिला पूर्णविराम मुद्दाम ७३मध्ये. मग मजल्यावरच्या चार जणींना दिला आणि सांगितलं, शोधा. त्यात दोघी कॉम्प्युटरच्या, एक ईएनटीसी, एक सिव्हिल. एक तास दहा मिनिटं लागली. सापडलं ते सिव्हिलवालीला. तिने लॉजिक बघितलंच नाही, स्क्रीनला पट्टी लावून कॉलम मोजले.

मेस सेक्रेटरी मागे उभी राहून बघत होती. आउटपुटमध्ये वेळेवर बिल भरणाऱ्या कुणालाच पाहुण्याचे पैसे लागत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. गेल्या महिन्यात तिच्याकडे तीन पाहुणे होते. ती म्हणाली, "खरा प्रोग्रॅम लिहिशील तेव्हा तो डॉट आहे तिथेच राहू दे हं."